हृदयाचं ऑपरेशन झालेल्या मुलांचं खेळणं-पळणं: पुण्यातल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी बरीच जन्मजात हृदयदोषाचं ऑपरेशन झालेली असतात. कुणाचं छिद्र बंद केलेलं, कुणाची झडप दुरुस्त केलेली, कुणाची दोन-तीन ऑपरेशनं झालेली. डॉक्टर "सगळं छान आहे, सहा महिन्यांनी या" म्हणतात आणि पार्किंगमध्ये पोचेपर्यंत आईच्या मनात वीस प्रश्न तयार होतात. ते मग माझ्याकडे येतात. खालचे प्रश्न आई-बाबांनी आणि आजी-आजोबांनी विचारलेले आहेत, शेवटचे दोन मुलांनी. एक आधीच सांगते: तुमच्या मुलाची फाइल ज्या बालहृदयरोगतज्ज्ञांकडे आहे, त्यांचा शब्द माझ्या शब्दाच्या वरचा.

ऑपरेशन झालं. आता तो बाकीच्या मुलांसारखा खेळेल ना?

बहुतेक मुलं खेळतात. पण "ऑपरेशन झालं" एवढ्यावरून उत्तर देता येत नाही, काय दुरुस्त केलं ते बघावं लागतं. दर १००० जन्मांमागे साधारण ८ ते १० बाळांना हृदयाचा काही ना काही दोष असतो आणि त्यांत अगदी बारीक छिद्रापासून एकच कप्पा काम करणाऱ्या हृदयापर्यंत सगळं येतं.

वरच्या किंवा खालच्या कप्प्यांमधलं छिद्र वेळेत बंद झालं असेल, गळती उरलेली नसेल आणि फुप्फुसातला दाब नॉर्मल असेल, तर जखम भरल्यावर अशा मुलांवर सहसा कुठलंच बंधन राहत नाही. टेट्रालॉजी ऑफ फॅलो, म्हणजे हृदयात चार दोष एकत्र असणं, याचं ऑपरेशन झालेली मुलंही खेळतात. मात्र त्यांच्यात फुप्फुसाकडे जाणाऱ्या झडपेतून थोडी गळती बऱ्याचदा राहून जाते, म्हणून किती दमायचं हे अधूनमधून तपासून ठरतं. अमेरिकेचा शॉन व्हाइट हाच दोष घेऊन जन्मला. पहिल्या वाढदिवसाच्या आत त्याची दोन ऑपरेशनं झाली होती आणि पुढे त्याने २००६, २०१० आणि २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डिंगची सुवर्णपदकं मिळवली. प्रत्येक मूल तिथवर जाईल असं मी म्हणत नाही. पण "याला आता जन्मभर जपायचं" असं ठरवण्याआधी हे माहीत असावं.

फॉन्टान, म्हणजे एकच कप्पा काम करणाऱ्या हृदयासाठीचं ऑपरेशन, झालेल्या मुलांचं थोडं वेगळं असतं. त्यांचं रक्त फुप्फुसात पंपाशिवाय, आपसूक वाहत जातं. त्यामुळे दम लवकर संपतो. पण पायाचे स्नायू आकसतात-सैलावतात तेव्हा तेच रक्त वर ढकलायला मदत करतात, म्हणजे चालणं, पायऱ्या, सायकल यांची या मुलांना जास्तच गरज असते. नेमकं त्यांनाच घरात सगळ्यात जास्त बसवून ठेवलेलं मी बघते.

इको (हृदयाची सोनोग्राफी) स्वच्छ आहे, डॉक्टर खूश आहेत. मग दोन जिने चढला की धापा का टाकतो?

मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून इथे जरा थांबते.

मागच्या पावसाळ्याआधी नऊ वर्षांचा एक मुलगा आला होता. दोन वर्षांचा असताना छिद्र बंद केलेलं. आमच्याकडे यायला अकरा पायऱ्या आहेत. तिसऱ्या पायरीवर तो थांबला आणि मागे वळून आजीकडे बघितलं. मी नाडी धरली. दम लागलेलाच नव्हता. आजीचा एक हात त्याच्या कोपराखाली होता, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, झाकण आधीच काढून ठेवलेलं. तिसऱ्या पायरीवर थांबायचं असतं हे तो सात वर्षं शिकत आला होता.

मी आजींना दोष देत नाही. ज्या बाईने नातवाला आयसीयूच्या काचेतून नळ्यांमध्ये बघितलंय, तिचा हात कोपराखाली जाणारच. पण सात वर्षं न पळालेल्या मुलाच्या मांड्यांत ताकद कुठून येणार? स्नायू कच्चे राहतात, थोड्याशा श्रमाने धाप लागते, धाप बघून घरचे घाबरतात, आणखी बसवतात, स्नायू आणखी कच्चे होतात. इको फक्त हृदय दाखवतो, मांड्या दाखवत नाही.

बाकीही कारणं असतात आणि ती शोधावी लागतात. छाती उघडल्यावर व्रणाभोवतीचा भाग आखडतो, मूल खांदे पुढे घेऊन वाकून बसतं आणि श्वास उथळ होतो. काही मुलांचे ठोके श्रमाबरोबर जितके वाढायला हवेत तितके वाढत नाहीत. कुणाला रक्त कमी असतं, कुणाला दमा असतो. म्हणून "सवय नाही म्हणून दमतो" असं घरीच ठरवू नका. आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा, लागल्यास ट्रेडमिलवरची चाचणी करून घ्या. त्यात काही निघालं नाही, तर मग औषध एकच, रोजचं थोडं थोडं पळणं.

तो मुलगा आठव्या आठवड्यात अकरा पायऱ्या पळत चढला. आजी खाली बाकावर बसल्या होत्या, बाटली पिशवीत.

घरी आणल्यावर पहिले सहा आठवडे काय सांभाळायचं?

छातीचं मधलं हाड कापून तारांनी जोडलेलं असतं. ते सांधायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. या काळात मुलाला काखेत हात घालून उचलायचं नाही. एक हात मानेमागे-पाठीखाली, दुसरा कुल्ल्याखाली, असं दोन्ही हातांवर घ्यायचं. भेटायला येणाऱ्या प्रत्येक काका-मामाला हे दारातच सांगा, कारण उचलून हवेत उडवायची हौस त्यांनाच असते. दप्तर, सायकल, झोका, लोंबकळणं, कुस्ती, भावंडांशी उशांची मारामारी हे सगळं बंद. खोकला किंवा शिंक आली की छातीशी उशी किंवा टेडी घट्ट धरायला शिकवा, दुखणं निम्म्यावर येतं.

चालणं मात्र पहिल्या दिवसापासून. घरात, मग सोसायटीच्या आवारात, दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं. खेळणी मुद्दाम जरा लांब आणि उंचावर ठेवा म्हणजे मूल उठतं. जखम बरगड्यांच्या बाजूने असेल तर त्या बाजूचा हात डोक्यावर न्यायला मुलं टाळतात आणि पाठ एका अंगाला झुकते. डॉक्टरांनी मोकळीक दिली की भिंतीवर बोटांनी "मुंगी वर चालली" हा खेळ रोज खेळा.

मांडीतून तार घालून छिद्र बंद केलं असेल तर हाडाचा प्रश्नच येत नाही. जांघेतली जागा आठवडाभर जपायची. बसवलेलं उपकरण पक्कं होईपर्यंत धक्काबुक्कीचे खेळ टाळायचे, किती काळ ते डॉक्टर सांगतील.

वरणभात, अंडी दिली तर टाके पिकतील असं सासूबाई म्हणतात.

नाही पिकत. जखम भरायला प्रथिनंच लागतात: डाळ, उसळ, अंडी, दूध, पनीर, शेंगदाणे, घरात चालत असेल तर मासे-चिकन. नाचणीची पेज किंवा सत्त्वही छान. पाणी मोजून द्यायला किंवा मीठ कमी ठेवायला सांगितलं असेल तेवढं पाळा.

रोज किती व्यायाम पुरे?

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं घाम येईल अशी हालचाल आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडं-स्नायू मजबूत करणारे खेळ सांगते. एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून निदान १८० मिनिटं हालचाल करावी, मग ते नुसतं इकडून तिकडे धावणं का असेना. बंधन नसलेल्या मुलासाठी, ऑपरेशन झालेलं असो वा नसो, हाच आकडा.

पण पहिल्या दिवशी ६० मिनिटं नकोत. जिथे आहे तिथून सुरू करा. दहा मिनिटं झेपत असतील तर दहा, दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. श्रम बरोबर आहे का हे ओळखायची खूण सोपी आहे: खेळताना मुलाला बोलता यायला हवं, गाणं म्हणता आलं नाही तरी चालेल. पाढे म्हणायला सांगा. सलग म्हणत असेल तर थोडं वाढवता येईल, दोन शब्दांनंतर अडखळत असेल तर वेग कमी करा.

पर्वती चढवू का? आणि सिंहगड?

पर्वती तर मी मुद्दाम सांगते. १०३ पायऱ्या, रुंद, मध्ये टेकायला जागा आणि वर गेल्यावर सगळं पुणं दिसतं. पहिल्या वेळी जिथवर जमलं तिथली खूण लक्षात ठेवायची, पुढच्या रविवारी त्याच्या दहा पायऱ्या पुढे. मुलांना आपली प्रगती डोळ्यांनी दिसते, माझ्या वहीतले आकडे त्यांना काही सांगत नाहीत. सकाळी लवकर जा, एप्रिल-मेमध्ये आठ वाजल्यानंतर दगड तापतात.

तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी हा पुढचा टप्पा. सिंहगड त्याच्याही नंतर. गड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटरवर आहे. पुण्याच्या मुलाला ही उंची बाधत नाही, पण आतकरवाडीची चढण सलग आणि उभी आहे. टेकडी तासभर सहज होऊ लागली आणि डॉक्टर हो म्हणाले की जरूर न्या. अर्ध्यावरून परत फिरायची तयारी ठेवा आणि त्याला अपयश म्हणू नका.

कोणता खेळ चालेल, कोणता नाही?

पळापळी, लंगडी, खो-खो, बॅडमिंटन, क्रिकेट, सायकल हे बंधन नसलेल्या मुलाला सगळं चालतं. पोहणं छातीसाठी उत्तम, पण जखम पूर्ण कोरडी होऊन हाड सांधल्यावरच, आणि सोबत पोहता येणारं मोठं माणूस पाण्यात हवं.

खरी काळजी तीन ठिकाणी घ्यावी लागते. रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्या मुलाला कबड्डी, कुस्ती, फुटबॉलमधली धडक यांपासून लांब ठेवा, डोक्याला मार लागला तर आत रक्तस्राव होऊ शकतो. पेसमेकर (ठोके नीट चालू ठेवणारं, शरीरात बसवलेलं यंत्र) असेल तर त्या जागेवर थेट फटका नको. आणि महाधमनी रुंद झालेली किंवा अरुंदपणा उरलेला असेल, डावीकडची झडप आकसलेली असेल, तर श्वास कोंडून जोर लावायचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका: जड वजनं, रस्सीखेच, मल्लखांबावरच्या अवघड पकडी. मल्लखांब पुण्यात घरोघरी माहीत असलेला खेळ, त्यामुळे हा प्रश्न नेहमी येतो. बाकी मुलांना तो हाड सांधल्यावर आणि प्रशिक्षकांना नीट सांगून हळूहळू करता येतो.

मुलगी तेरा वर्षांची आहे, ढोल पथकात जायचं म्हणते.

हा प्रश्न दरवर्षी जुलैमध्ये येतो आणि विचारताना मुलींचे डोळे चमकत असतात, त्यामुळे "नको" म्हणायला जीव होत नाही. ढोल कमरेला बांधून तासन्‌तास उभं राहायचं, पोटाला पट्टा आवळलेला, हात सतत चालू. सराव महिना-दीड महिना चालतो, तो तरी मधे बसून करता येतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत गर्दी, उकाडा आणि पाण्याची आबाळ असते. तिचं हृदय पूर्ण दुरुस्त असेल, ट्रेडमिलवरची चाचणी चांगली असेल, तर सरावाला जाऊ द्या, पथकप्रमुखांना ऑपरेशनची कल्पना द्या आणि मिरवणुकीत थोडा वेळच वाजवायचं असं आधीच ठरवा. ढोल झेपत नसेल तर झांज आहे, लेझीम आहे. लेझीम हा तर माझ्या मते अशा मुलांसाठी घडवल्यासारखा व्यायाम आहे: उठबस, ताल, छाती उघडणं, शिवाय आपण मागे पडतोय असं वाटत नाही, कारण सगळे एकत्रच पावलं टाकतात.

सूर्यनमस्कार, प्राणायाम?

हाड सांधल्यावर सूर्यनमस्कार जरूर, दोनपासून सुरू करून. दंड घालताना हातांवर भार येतो, म्हणून आधी भिंतीला हात टेकून तसं करून बघा. प्राणायामात कुंभक नको, श्वास कोंडायचाच नाही. लहानांना त्यापेक्षा साबणाचे फुगे, पिपाणी, बासरी द्या.

शाळेत पीटीच्या तासाला बसवून ठेवतात. काय करू?

माझ्याकडे येणारी एक मुलगी चौथीपर्यंत प्रत्येक पीटीच्या तासाला पिंपळाच्या पारावर बसून इतरांचे गुण लिहायची. अक्षर सुंदर होतं, सर कौतुक करायचे. तिच्यावर डॉक्टरांचं एकही बंधन नव्हतं. शाळेला कुणी तसं लिहून दिलंच नव्हतं. प्रवेशाच्या अर्जात "हृदयाचं ऑपरेशन झालं आहे" एवढं एक वाक्य होतं आणि ते वाचून शाळा घाबरली. मला याचा मनापासून राग येतो, पण मुलाची जबाबदारी अंगावर असलेल्या सरांना नुसतं "ऑपरेशन" वाचून दुसरं काय सुचणार?

म्हणून काय करायचं नाही हे लिहून देताना काय करायचं तेही लिहून द्या. डॉक्टरांच्या लेटरहेडवर, सोप्या मराठीत. मजकूर साधारण असा असावा:

"या विद्यार्थिनीच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली असून ती बरी आहे. तिने पीटीच्या तासात आणि क्रीडास्पर्धांत पूर्ण भाग घ्यावा. दमल्यास तिने स्वतःहून थांबावं, तिला विश्रांती द्यावी आणि बरं वाटल्यावर पुन्हा खेळू द्यावं. खेळताना चक्कर आल्यास किंवा बेशुद्ध पडल्यास १०८ ला फोन करावा आणि पालकांना कळवावं."

बंधन असेल तर त्या खेळाचं नाव घालून लिहा. "जड श्रम टाळावेत" असं मोघम लिहिलं की शाळा सगळंच टाळते. हे पत्र दर जूनमध्ये नवीन वर्गशिक्षकांना आणि पीटीच्या सरांना स्वतः जाऊन द्या.

गोळ्या चालू आहेत. त्यांचा व्यायामावर परिणाम होतो का?

ठोके कमी ठेवणाऱ्या गोळीमुळे नाडी फारशी वाढत नाही, म्हणून घड्याळातल्या ठोक्यांवर विसंबू नका, पाढ्यांची खूण वापरा. लघवीच्या गोळीवर असलेल्या मुलाला उन्हात लवकर कोरड पडते. कुठलीही गोळी खेळासाठी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

ट्रेडमिल टेस्ट म्हणजे नेमकं काय? घाबरायला होतं.

छातीला ईसीजीच्या तारा लावून मुलाला पट्ट्यावर चालवतात. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो. डॉक्टर शेजारी असतात, मूल नको म्हणालं की थांबवतात. झोपवून काढलेल्या ईसीजीत न दिसणारं यात दिसतं, म्हणून खेळाच्या परवानगीसाठी ही चाचणी मोलाची. पट्ट्यावर न जमणाऱ्या लहान मुलांना सहा मिनिटांत किती अंतर चालता येतं ते मोजतात. जाताना बूट घाला. निम्मी मुलं चपलेत येतात आणि चाचणी अर्धवट राहते.

कधी थांबायचं, कधी धावायचं दवाखान्यात?

खेळताखेळता मूल बेशुद्ध पडलं, तर थांबून बघत बसू नका. खेळल्यानंतर नव्हे, खेळत असताना आलेली बेशुद्धी ही गंभीर गोष्ट आहे. १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल आणि नीट श्वासही चालत नसेल तर छाती दाबायला लगेच सुरुवात करा. ही पद्धत घरातल्या निदान दोघांनी शिकून घ्यावी असा माझा आग्रह असतो.

श्रमात छातीत दुखणं, अचानक धडधड सुरू होऊन न थांबणं, ओठ निळे पडणं, विश्रांतीनंतर दहा मिनिटांतही धाप न बसणं यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ताप आणि छातीत दुखणं एकत्र आलं, चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज आली, जखमेतून पाणी येऊ लागलं, तरी लगेच जा. ताप असेल त्या दिवशी खेळ नाही. आणि दात सांभाळा: किडलेल्या दातातले जंतू रक्तातून हृदयापर्यंत जाऊ शकतात.

आमच्या मुलाचं ऑपरेशन हृदयाचं नव्हतं. हे सगळं त्याला लागू आहे का?

बरंचसं. श्वासपटलाच्या हर्नियाचं किंवा अन्ननलिकेचं ऑपरेशन झालेल्या मुलांत फुप्फुसाची क्षमता थोडी कमी राहू शकते, त्यांनाही हळूहळू वाढवत नेणारा व्यायाम लागतो. अन्ननलिकेच्या मुलांनी खाल्ल्यावर लगेच उड्या मारू नयेत. पाय वाकडा घेऊन जन्मलेल्या मुलांचं यश प्लास्टर आणि छोट्या ऑपरेशनपेक्षाही नंतरच्या ब्रेसवर, म्हणजे पाय सरळ धरून ठेवणाऱ्या खास बुटांवर, ठरतं. सुरुवातीला जवळजवळ दिवसभर, पुढे चार-पाच वर्षांचा होईपर्यंत रात्री. क्रिस्टी यामागुची असेच पाय घेऊन जन्मली होती आणि १९९२ ला तिने फिगर स्केटिंगचं ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं.

पुढच्या तपासण्यांचा खर्च झेपत नाही.

अंगणवाडीत किंवा सरकारी-महापालिका शाळेत मूल असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे चौकशी करा. २०१३ पासून जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो चालू आहे. पैशांसाठी तपासणी टाळली असं होऊ देऊ नका.

माझ्या छातीवरची रेघ जाईल का? (वय ७)

पुसट होईल, पूर्ण जाणार नाही. पहिलं वर्षभर उन्हात जाताना ती शर्टाने झाकून ठेव, नाहीतर ती काळपट पडते. पोहायच्या तासाला कुणी विचारलं तर "मी लहान असताना माझं हृदय दुरुस्त केलं" एवढं सांग आणि पाण्यात उडी मार. झोपताना आईला त्यावर खोबरेल तेल लावून हळूच चोळायला सांग, पण डॉक्टरांनी हो म्हटल्यावर.

मला दम लागला असं सांगितलं तर आई खेळ बंद करते. मग सांगू का? (वय १०)

सांगायचंच. लपवायचं नाही, कधीच नाही. दम लागला की थांबायचं आणि जो मोठा माणूस जवळ असेल त्याला सांगायचं. तू खरं सांगतोस म्हणून तर तुला खेळायला सोडता येतं.

आणि आई, हे तुम्हीही वाचताय म्हणून: तो येऊन "दम लागला" म्हणाला की त्याला सावलीत बसवा, ओठांचा रंग बघा, पाणी द्या, तीन-चार मिनिटं जाऊ द्या. श्वास बसला की त्याला विचारा, "परत जायचंय?"